साखर किती?

किटली तिच्या हातात आली कशी, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. चहावाल्याने ट्रे टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि तो निघून गेला. तो कोपरा तिच्या बाजूचा होता, एवढं खरं. पण टेबल लांबलचक, भोवती माणसं भरपूर, आणि देवाने प्रत्येकाला दोन हात दिलेले. त्यातला एकही हलला नाही. हलला तो तिचा. ती उठली, किटली उचलली, दुसऱ्या हाताने झाकण दाबून धरलं, कारण ओतताना झाकण पडतं हे हाताला माहीत होतं, आणि एकेकाच्या खांद्यामागून कप भरत निघाली. कुणाला काही विचित्र वाटलं नाही. तिलाही नाही. ती उद्योजक संघाच्या समता कक्षाची प्रमुख होती. कंपन्यांनी बायकांना बरोबरीची वागणूक द्यावी, बरोबरीच्या जागा द्याव्यात, तशी चारचौघांत शपथ घ्यावी, हे मालकांच्या गळी उतरवणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग होता. संघातले शिपाई तिला मागून शपथबाई म्हणत. पंपाचे दांडे बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती त्या दुपारी त्याचसाठी आली होती आणि चांगली बोललीही होती. मालक मान डोलवत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "मग सुरुवात कुणापासून करू म्हणता, मॅडम? मशीन-शॉपच्या मुख्याची जागा रिकामी होतेच आहे. कुणी आहे का नजरेत?" ट्रे आला तो नेमका तेव्हा. नाव तिच्या जिभेवर होतं. ते नाव धारण करणारी बाई टेबलाच्या पार टोकाला, हात मांडीवर ठेवून बसली होती. शपथबाई किटली घेऊन मालकांपाशी पोचली, किंचित वाकली, आणि तिच्या तोंडून शब्द आले, "साखर किती?"

"एकच चमचा," मालक म्हणाले, आणि कप पुढे सरकवता सरकवता त्यांना सुचलं, "अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा! आमची सूनबाईच आहे की घरात. शिकलेली आहे, बसून असते." सगळे हसले. कोडं सुटल्यावर हसतात तसे. ती चमच्याने साखर ढवळत होती. टेबलाच्या टोकाला पोचली तेव्हा त्या बाईने आपल्या कपावर तळहात पालथा ठेवला. "मला नको," ती म्हणाली. ही चहा घेत नसावी, एवढंच शपथबाईच्या मनात आलं.

त्या बाईला सगळा कारखाना मायक्रो म्हणे. तपासणीत ती मालाची जाडी ज्याने मोजे, त्या मायक्रोमीटरवरून पडलेलं नाव. आधी चेष्टेने पडलं, मग तिच्या टेबलावरून माल परत यायला लागला तसं ते जरा जपून घेतलं जाऊ लागलं. मशीन-शॉपचे मुख्य महिनाअखेर निवृत्त होत होते. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. ते वर काचेच्या खोलीत बसत आणि खाली मायक्रो कोणत्या मशीनवर कोण, कोणता माल आधी, कुणाची रजा, हे सगळं बघे. म्हणजे शॉप तीच चालवत होती, फक्त तसं म्हणायची पद्धत नव्हती. मागच्या भेटीच्या वेळी ती शपथबाईला फाटकापर्यंत सोडायला आली होती. तेलकट फडकं या हातातून त्या हातात घेत म्हणाली होती, "मॅडम, एक बोलू? ती जागा मी मागितली तर हावरी ठरेन. तुम्ही सुचवलीत तर ते धोरण ठरेल. तुम्ही फक्त एकदा माझं नाव घ्या त्यांच्यासमोर. पुढचं मी निभावते." "घेणारच, हे काय सांगायला हवं? शब्द दिला समजा," शपथबाई म्हणाली होती. शब्द देताना केवढं बरं वाटलं होतं. फाटकातून बाहेर पडताना आपली चालही बदलल्याचं तिला जाणवलं होतं, इतकं.

आता ती बसमध्ये खिडकीशी बसली होती आणि अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी चुरचुरत होतं. तिने हात उजेडात धरला. लालसर डाग होता. कुठे भाजलं, याचा विचार करताना तिला किटली दिसली. मग किटली धरलेला हात दिसला. मग आपण सगळ्या खोलीला प्रदक्षिणा घातली ते दिसलं, आणि आपण विचारलेलं ऐकू आलं. पुढच्या सीटवरच्या माणसाने खिडकी लावून घेतली तर तिला वाटलं, आपण मोठ्याने काही बोललो की काय. ती अर्धा तास बोलली होती, निर्णय जिथे होतात तिथे बायका असल्या पाहिजेत म्हणून. आणि निर्णय झाला तेव्हा ती तिथे होती, निर्णय घेणाऱ्याच्या कानापासून वीतभर अंतरावर, आणि तिने विचारलं होतं साखरेचं. कुणी तिला उठवलं नव्हतं. कुणी साधी नजरही टाकली नव्हती. एखाद्याने "मॅडम, जरा चहाचं बघता का" म्हटलं असतं तर ती ताडकन बोलली असती. त्यावर तिची एक अख्खी कार्यशाळा होती. पण कुणी म्हणालंच नाही, मग ती बोलणार कुणाला?

तिच्या लहानपणी रविवारी वडिलांचे मित्र घरी जमत. जगातलं सगळं त्या बैठकीत निकालात निघे. आई आतून कान देऊन असे. कप बशीवर टेकल्याच्या आवाजावरून तिला कळायचं की कपात आता घोटभर उरलाय की तळ दिसतोय. "जा, दे," ती पुटपुटायची, आणि ही ट्रे घेऊन निघायची. तिच्या भावाला मधे बसवून पेपरातलं वाचायला लावत, आणि "तुला काय वाटतं रे?" असं विचारत. त्याला काय वाटायचं कोण जाणे, पण वाटतं असं तो सांगायचा. हिचंही कौतुक व्हायचं, नाही असं नाही. "पोरीचा हात हलका आहे. थेंब सांडत नाही." आयुष्यातली पहिली शाबासकी ती. एकदा एका नदीच्या उगमावरून बैठकीत जुंपली. उत्तर हिला येत होतं, शाळेत परवाच झालेलं. आतल्या खोलीतून ती ते घोकत निघाली, ट्रे धरून उंबऱ्याशी आली, सगळे तिच्याकडे बघायला लागले, आणि ती म्हणाली, "घ्या ना." मग रिकामा ट्रे आणि उत्तर दोन्ही घेऊन ती परत आत गेली. हे ती पार विसरून गेली होती. आठवायला आजचा हा बसचा प्रवास व्हावा लागला होता.

आई टेलिफोन कचेरीत होती. नवी पोरं तिच्या हाताखाली यायची, तिच्याकडून काम शिकायची आणि शिकून झाली की तिचे साहेब व्हायची. "आमचं खातं म्हणजे साहेबांचा कारखाना," आई हसत सांगायची, "मी साचा." बैठक खो-खो हसायची. वडीलही हसायचे. हीसुद्धा हसायची, ट्रे सावरून. आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि ती हसत होती की आणखी काही करत होती, हे विचारायचं राहून गेलं.

संघाच्या कचेरीत अध्यक्ष खुशीत होते. मालकांचा फोन येऊन गेला होता. उद्याच संध्याकाळी कार्यक्रम, शपथ, पाहुणे, फोटो. "तुमच्या जिभेवर साखर आहे," ते म्हणाले, "तुम्हाला कुणी नाही म्हणूच शकत नाही." तिने दचकून वर पाहिलं. हे वाक्य ती पूर्वीही ऐकत आली होती. संघाच्या चिटणीसपदासाठी तिचं नाव होतं तेव्हा हेच म्हणून त्यांनी तिला समता कक्ष दिला होता. हे काम बाईमाणसालाच शोभतं, तिथे तुमच्यासारखी गोड बोलणारी हवी. चिटणीस झाला तो तिनेच तयार केलेला पोरगा, आणि कक्ष म्हणजे जुन्या खुर्च्या ठेवायच्या खोलीशेजारची खोली. त्या वेळी ती रडली नव्हती, पेढ्यासारखं तोंड करून तिने आभार मानले होते. कुणी नाही म्हणूच शकत नाही. खरंच आहे, तिला वाटलं. नाही म्हणायला समोरच्याने काही मागावं लागतं. मी सही मागते. सही करायला कुणाचं काय जातं?

खोलीचं दार लावून तिने मालकांना फोन केला. नाव घेतलं. इतक्या सहज घेतलं गेलं की तिला हुंदका आला; एवढंसं तर होतं. मालकांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत. "अहो मॅडम," ते म्हणाले, "तुम्हीच म्हणालात बाई बसवा. बसवली. आता ही बाई नको, ती बाई हवी, असं कसं? आणि तुम्ही गेल्यावर मी तिला सगळ्यांदेखत विचारलं की हो, तुमची काही हरकत नाही ना म्हणून. नाही म्हणाली. हसली पण. सूनबाईंना तयार करायचं तिनेच कबूल केलंय." तिने सांगून पाहिलं की सगळ्यांदेखत विचारलं तर कुणीही नाहीच म्हणेल. "म्हणजे विचारलं तरी चूक?" मालकांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात कपट नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. तिने फोन ठेवला. त्यांना कळावं म्हणून तर तिला नेमलेलं होतं.

पाळी सुटायच्या वेळी ती फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. माणसांचा लोंढा ओसरल्यावर मायक्रो आली, हातात डबा, खांद्याला पर्स. हिला बघून तिची पावलं मंदावली, पण थांबली नाहीत. ही तिच्या बरोबरीने चालू लागली. कारखान्याच्या भिंतीकडेने लांब रस्ता होता.

"मी आत्ता फोन केला होता त्यांना," ही म्हणाली.

"कळलं. बोलावून सांगितलं मला. म्हणाले, मॅडमकडे वशिला लावतेस होय?"

"अहो, तसं नव्हतं मला..."

"मला माहितीय तसं नव्हतं." मायक्रोने डबा दुसऱ्या हातात घेतला. "रागवले नाहीये मी. रागवायचं ठरवलं होतं, पण जमेना. तुम्ही उठलात ना, तेव्हा एक सांगू? मीसुद्धा उठायला निघाले होते. तुम्ही कोपऱ्यात होतात म्हणून तुम्ही आधी उठलात. नाहीतर किटली माझ्या हातात असती, आणि तुम्ही नाव घेतलं असतंत, आणि त्यांनी बघितलं असतं की नाव कुणाचं, तर जी चहा ओततेय तिचं."

भिंतीपलीकडे एक मशीन अजून चालू होतं, त्याची घरघर पायांखालून येत होती.

"माझ्या मुलीला सांगून बसले होते," मायक्रो म्हणाली. "काल. अजून कशात काही नाही आणि मीच पेढे वाटून मोकळी. तिने मैत्रिणींना सांगितलं, आई आता मशीन-शॉपची मुख्य होणार. आज घरी गेले की ती दार उघडेल." ती थांबली. "तेवढंच जरा अवघड आहे. बाकी काय, कालपर्यंत करत होते तेच उद्या करायचं."

"उद्या कार्यक्रमात मी बोलणार आहे," ही घाईघाईने म्हणाली. "माईक माझ्या हातात असेल. सगळ्यांसमोर सांगते, ही जागा कुणाची आहे ते. त्यांना मागे फिरता येणार नाही. मग होऊ दे काय व्हायचं ते."

मायक्रोने तिच्याकडे नीट बघितलं. संशयाने नाही, आशेनेही नाही. "बघा," ती म्हणाली. पण वळणावर निरोप घेताना तिने हिचा हात क्षणभर धरला, आणि त्या धरण्यात आशा होती. ती नसती तर बरं झालं असतं.

घरी नवऱ्याने दार उघडलं. "काय, आज किती जणांना शपथा घातल्यास?" हा त्याचा रोजचा विनोद. चांगला माणूस, स्वतःचं ताट स्वतः घासायचा आणि त्याची वाच्यता करायचा नाही. तिने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "अगं, चहाच ओतलास ना? विष तर नाही. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस." त्याने अंगठ्याला मलम लावलं. मलम थंडगार होतं आणि तिला वाटलं, याला कसं सांगू की मला क्षमा नकोय? मला कुणीतरी रागवायला हवंय. मालक रागावले नाहीत, मायक्रो रागावली नाही, हाही नाही. सगळे आपले समजून घेतायत. जेवताना ती उद्याचं वाक्य मनात जुळवत राहिली. ही जागा त्यांची आहे. चार शब्द. नदीच्या त्या उत्तरापेक्षा फार मोठं काही नाही. नवऱ्याने आणखी भाजी हवी का विचारलं तर ती "हो" म्हणाली, आणि मग ताटात पडलेली भाजी कुठून आली म्हणून बघत बसली.

दुसऱ्या दिवशी मशीन-शॉपमध्येच मांडव घातल्यासारखं केलं होतं. मशीनं पुसून बाजूला दोऱ्या बांधल्या होत्या, तेलाच्या वासावर फुलांचा वास चढला होता. पहिल्या रांगेत पाहुणे, मागे कामगार, कडेला तपासणीतल्या चार बायका, त्यांच्यात मायक्रो. ती चांगली साडी नेसली होती. ती साडी बघून हिने ते चार शब्द पुन्हा मनात म्हटले. मालकांनी शपथ घेतली, हात पुढे करून, मोठ्या आवाजात. आम्ही स्त्रियांना समान संधी देऊ. अध्यक्षांनी पाठ थोपटली. सूनबाईंचं नाव जाहीर झालं; मंचाच्या कडेला एक तरुण मुलगी उठून नमस्कार करून पुन्हा बसली. मग माईक हिच्याकडे आला.

ती बोलली. आवाज कापत नव्हता, याचं तिलाच नवल वाटलं. ती म्हणाली, या कारखान्याचं मशीन-शॉप इतकी वर्षं खऱ्या अर्थाने एका बाईने चालवलं आहे. आणि तिने नाव घेतलं. मायक्रो नाही, खरं, पाळण्यातलं नाव, जे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. नाव ध्वनिक्षेपकातून सगळ्या शॉपभर गेलं. पुढच्या वाक्यासाठी तिने श्वास घेतला, आणि तेवढ्यात मालकांनी टाळी वाजवली. मनापासून वाजवली. त्यांच्यामागे पाहुण्यांनी, पाहुण्यांमागे कामगारांनी. कामगारांनी तर शिट्ट्याही मारल्या. मायक्रो त्यांना खरोखरच आवडत होती. मायक्रोला उठून उभं राहावं लागलं. ती हिच्याकडे बघत होती, आणि ओठ किंचित उघडे होते, जणू पुढचं वाक्य तीच मनातल्या मनात म्हणत होती. ही टाळ्या थांबायची वाट बघत राहिली. टाळ्या थांबल्या. कसलाही अडथळा उरला नव्हता. सगळे चेहरे तिच्याकडे वळलेले, हसरे, समाधानी, तिच्याकडून आणखी काही गोड ऐकायला आतुर. इतकी शांतता झाली की मागे कुणी खुर्ची सरकवली तेही ऐकू आलं.

"...त्यांचे मनापासून आभार," ती म्हणाली.

पुन्हा टाळ्या. मालकांनी तिच्या हातातून माईक घेतला, त्यांना गहिवरून आलं होतं. "मॅडमनी माझ्या मनातलं सांगितलं. या, या, वर या," त्यांनी मायक्रोला बोलावलं. "सूनबाईंचं स्वागत यांच्याच हस्ते व्हायला पाहिजे. गुरूच आहेत त्या." मायक्रो पायऱ्या चढून मंचावर आली. कुणीतरी तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. आदल्या दिवसापर्यंत ती निदान मनाने नाही म्हणू शकत होती, महिनाअखेर राजीनामा टाकू शकत होती. आता अख्ख्या शॉपने टाळ्या वाजवून तिला गुरू केलं होतं, आणि ते हिने केलं होतं, तिचं पूर्ण नाव घेऊन.

सूनबाई गुच्छ घ्यायला पुढे आल्या. जवळून पोर फारच लहान दिसत होती. गुच्छ घेताना ती हिच्याकडे झुकली आणि ओठ न हलवता, हसतमुखच, कुजबुजली, "मॅडम, मला यातलं ओ की ठो कळत नाही हो. मला कुणी विचारलंच नव्हतं. आज सकाळी सांगितलं, तयार हो म्हणून. काय करू मी?"

हिने तिच्या पाठीवर हात ठेवला. हात हलका होता, मायाळू होता, आणि तिच्याआधी तोच पुढे झाला होता. "होईल सवय," ती म्हणाली.

शब्द बाहेर पडले तसे तिने ते ऐकले. मायक्रोनेही ऐकले, ती दोघींच्या मधेच उभी होती. तिने हिच्याकडे पाहिलं, आणि कालपासून प्रथमच तिच्या चेहऱ्यावर काही मागणं नव्हतं. मग तिने पायाने मागची खुर्ची ओढली, पदराने तिच्यावरची फुलं झटकली आणि हिच्या कोपराला धरून म्हणाली, "बसा मॅडम, तुम्ही बसा आता. केव्हाच्या उभ्या आहात." आवाजात जराही कडवटपणा नव्हता. घरातल्या थकलेल्या म्हातारीशी बोलावं तशी ती बोलली होती, आणि ही बसली.